न्यूयॉर्क यांकीजचे युद्धोत्तर वर्चस्व (१९४७–१९६४) : मैदानावरील यश आणि करारातील बंधन

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत बेसबॉल हा केवळ लोकप्रिय खेळ नव्हता, तर राष्ट्रीय खेळ म्हणून त्यास मान्यता होती. त्या काळात अमेरिकन लीग व नॅशनल लीग अशा दोन प्रमुख लीग होत्या व १९६० पर्यंत प्रत्येकीत आठ संघ खेळत. हंगामाअखेर दोन्ही विजेत्यांमध्ये वर्ल्ड सिरीज होई व सातांपैकी चार सामने जिंकणारा संघ अजिंक्य ठरे. १९४७ ते १९६४ या अठरा हंगामांत न्यूयॉर्क यांकीज या संघाने अमेरिकन लीगचे विजेतेपद पंधरा वेळा आणि वर्ल्ड सिरीज दहा वेळा जिंकली. १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षे हा संघ अजिंक्य राहिला.

या यशाचे वर्णन बहुधा खेळाडूंच्या पराक्रमाच्या अंगाने केले जाते आणि ते पराक्रम खरेच आहेत. परंतु इतके गुणी खेळाडू एकाच संघाकडे इतकी वर्षे कसे राहिले, हा प्रश्न त्या वर्णनात मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

संघाची उभारणी

१९४५ साली लॅरी मॅकफेल, डॅन टॉपिंग व डेल वेब या तिघांनी हा संघ विकत घेतला. १९४७ च्या विजयानंतर मॅकफेल बाहेर पडले आणि संघाची सूत्रे जॉर्ज वाइस यांच्या हाती आली. वाइस हे १९३२ पासून यांकीजच्या दुय्यम संघांचे जाळे सांभाळत होते. तरुण खेळाडू हेरावयाचा, त्यास अल्प मोबदल्यात करारबद्ध करावयाचे, लहान शहरांतील संघांतून टप्प्याटप्प्याने वर आणावयाचे, आणि तेथे ज्यांना जागा नसेल त्यांना इतर संघांशी अदलाबदलीसाठी वापरावयाचे, अशी ही पद्धती होती. पगाराच्या बाबतीत वाइस यांचा हात आखडता असे. वर्ल्ड सिरीजमधील वाटा दरवर्षी मिळतोच, तेव्हा तो पगाराचाच भाग समजावा, असा त्यांचा युक्तिवाद असे. सतत जिंकणे हेच अशा रीतीने खेळाडूस कमी पगार देण्याचे कारण बनले!

१९४९ च्या हंगामासाठी केसी स्टेंगल यांची संघ-व्यवस्थापक म्हणून झालेली नेमणूक अनेकांना अनाकलनीय वाटली. यापूर्वी ब्रुकलिन व बॉस्टन येथील नऊ हंगामांत त्यांचा संघ एकदाही पहिल्या चारांत आला नव्हता. त्यातच जो डिमॅजिओ हे संघाचे आधारस्तंभ टाचेच्या दुखण्यामुळे पहिल्या पासष्ट सामन्यांना मुकले. तरीही हंगामाचे अखेरचे दोन सामने उरले असताना यांकीज हे बॉस्टन रेड सॉक्सच्या केवळ एका सामन्याने मागे होते. ते दोन्ही सामने बॉस्टनविरुद्धच होते आणि दोन्ही यांकीजने जिंकले.

स्टेंगल यांची खरी ओळख म्हणजे खेळाडूंची पालटती योजना. समोरचा पिचर डावखुरा आहे की उजवा, हे पाहून ते आपला फलंदाज बदलत. एका जागेसाठी दोन सक्षम खेळाडू हाताशी असल्याशिवाय ही योजना चालत नाही. अन्य संघात जो सहज नियमित खेळाडू झाला असता तो येथे अर्धा हंगाम बाकावर बसून काढी. स्टेंगल यांचे चातुर्य नाकारण्याचे कारण नाही; मात्र ते वाइस यांनी भरलेल्या कोठारावर उभे होते. त्याच कोठारातून योगी बेरा, व्हाइटी फोर्ड आणि १९५१ साली मिकी मँटल पुढे आले.

राखीव कलम आणि टूलसन खटला

या कोठाराला कुलूप होते ते करारातील 'राखीव कलमा'चे. खेळाडूचा करार वर्षाचा असला, तरी या कलमान्वये तो पुढील वर्षासाठीही त्याच संघाकडे राखून ठेवला जाई. पुढील करारातही तेच कलम असल्याने हे बंधन व्यवहारात आजन्म ठरे. संघ खेळाडूस विकू शके, दुसऱ्याकडे पाठवू शके किंवा काढून टाकू शके. खेळाडूस मात्र एकच पर्याय होता, तो म्हणजे खेळ सोडणे.

जॉर्ज टूलसन हे यांकीजच्या नेवार्क येथील दुय्यम संघातील पिचर होते. त्यांना खालच्या श्रेणीतील बिंगहॅम्टन येथे जाण्याचा आदेश मिळाला. त्यांनी नकार देताच त्यांना अपात्र ठरविण्यात आले. ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते, अशी त्यांची तक्रार होती. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताने ती फेटाळली. बेसबॉलला १९२२ च्या निकालाने मिळालेली सूट कायम ठेवून, बदल करावयाचा असल्यास तो काँग्रेसने करावा, असे न्यायालयाने म्हटले. ज्या वर्षी यांकीजने सलग पाचवे अजिंक्यपद मिळविले, त्याच वर्षी हा निकाल लागला. बेरा व मँटल यांची नावे सर्वतोमुखी आहेत. परंतु संघाच्या इतिहासात टूलसन यांचे स्थान त्यांच्याइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वर्ण आणि कॅन्सस सिटी

१९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सन यांना खेळवून वर्णभेदाची भिंत पाडली. यांकीजने मात्र आठ वर्षे वाट पाहिली. पोर्तो रिकोचे व्हिक पॉवर हे दुय्यम संघात उत्तम फलंदाजी करीत असतानाही मुख्य संघात एकही सामना न खेळविता त्यांना १९५३ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाकडे धाडण्यात आले. १९५५ मध्ये एल्स्टन हॉवर्ड हे यांकीजचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले; तोवर सोळांपैकी बारा संघांनी ही पायरी ओलांडली होती. ज्या संघापाशी खेळाडूंची रेलचेल होती, त्यास हा अन्याय तत्काळ महाग पडला नाही. त्याची किंमत साठीच्या दशकात नॅशनल लीगच्या वाढत्या बळाच्या रूपाने चुकती करावी लागली.

१९५५ साली फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक्स संघ कॅन्सस सिटीस गेला. त्याचे नवे मालक अर्नोल्ड जॉन्सन यांनी त्यापूर्वीच टॉपिंग व वेब यांच्याकडून यांकी स्टेडियम विकत घेतले होते. पुढे या दोन संघांत खेळाडूंची इतकी देवघेव झाली की कॅन्सस सिटी म्हणजे यांकीजची शाखाच, असा उपरोध रूढ झाला. राल्फ टेरी यांना तेथे अनुभवासाठी पाठवून परत आणण्यात आले. १९५९ च्या डिसेंबरात रॉजर मॅरिस तेथूनच आले व १९६१ मध्ये त्यांनी ६१ होमरनचा विक्रम केला. १९५८ साली अमेरिकी सिनेटच्या मक्तेदारीविषयक उपसमितीपुढे स्टेंगल यांची साक्ष झाली. त्यांच्या लांबलचक, अर्थ न लागणाऱ्या उत्तरांनी सभागृह हसले आणि कायदा होता तसाच राहिला.

उतरण

१९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजने एकंदर ५५ धावा केल्या आणि पिट्सबर्गने २७. तरी बिल मॅझेरोस्की यांच्या अखेरच्या होमरनने सातवा सामना व अजिंक्यपद पिट्सबर्गकडे गेले. सत्तरीच्या स्टेंगल यांना निरोप देण्यात आला, वाइसही पायउतार झाले. साठा मात्र अजून शिल्लक होता. त्यावर आणखी चार विजेतेपदे निघाली. १९६४ साली सेंट लुईस कार्डिनल्सने यांकीजचा पराभव केला. त्या संघात बॉब गिब्सन, लू ब्रॉक, कर्ट फ्लड असे कृष्णवर्णीय खेळाडू अग्रभागी होते. त्याच वर्षी सीबीएस या प्रसारण कंपनीने यांकीजची ८० टक्के मालकी घेतली. १९६५ पासून नवोदित खेळाडूंची निवड क्रमवारीने करण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे हवा तो मुलगा गाठून करारबद्ध करण्याची जुनी वाट बंद झाली. १९६६ मध्ये यांकीज दहा संघांत दहावे आले.

राखीव कलम मात्र त्यानंतरही टिकले. १९६९ मध्ये कार्डिनल्सने फिलाडेल्फियाकडे धाडले असता फ्लड यांनी जाण्यास नकार दिला; १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तेही हरले. अखेर १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय देऊन हे बंधन तोडले. मुक्त झालेल्या खेळाडूंच्या बाजारात सर्वांत मोठ्या बोली लावणाऱ्यांत यांकीजच होते. १९७६ च्या अखेरीस त्यांनी रेजी जॅक्सन यांना करारबद्ध केले, आणि १९७७ साली पंधरा वर्षांनी यांकीजने पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली. जॅक्सन यांची कारकीर्द १९६७ साली ज्या संघातून सुरू झाली होती, तो कॅन्सस सिटीचाच अ‍ॅथलेटिक्स होता.