संगणकीय खेळांतील मूळ रिझोल्यूशन व कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अपस्केलिंग : कार्यक्षमता आणि चित्रगुणवत्ता यांचा तौलनिक विचार

सारांश

कमी पिक्सेलांत तयार केलेले दृश्य कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मोठे करून दाखविण्याचे तंत्र २०१८ नंतर संगणकीय खेळांत रूढ झाले. हे तंत्र मूळ रिझोल्यूशनला पर्याय ठरू शकते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अपस्केलिंगचा लाभ मूळ नमुन्यांच्या संख्येवर अवलंबून असल्याने साधारण यंत्र वापरणाऱ्यास तो तुलनेने कमी मिळतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : रिझोल्यूशन, अपस्केलिंग, फ्रेम, ग्राफिक्स कार्ड, न्यूरल नेटवर्क.

१. प्रस्तावना

जळगाव शहरालगतच्या असोद्यासारख्या गावांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी लॅपटॉप खरेदी करताना प्राध्यापकांचा सल्ला घेतो. जाहिरातीत त्यास ‘दुप्पट फ्रेम’, ‘चौपट वेग’ असे आकडे दिसतात. हे आकडे यंत्राच्या मूळ शक्तीचे आहेत की अपस्केलिंगने वाढविलेले, हे बहुधा ठळकपणे सांगितलेले नसते. कुटुंबाच्या कष्टाच्या पैशातून होणाऱ्या या खरेदीत सल्ला देणाऱ्यास त्यामागील तत्त्व माहीत असणे अगत्याचे आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांसही ते समजावे, या हेतूने हा विषय येथे मांडला आहे.

२. मूळ रिझोल्यूशन म्हणजे काय?

पडद्यावर जितके पिक्सेल आहेत तितक्याच पिक्सेलांचा रंग ग्राफिक्स कार्डाने प्रत्यक्ष गणित करून काढणे, यास मूळ रिझोल्यूशन म्हणतात. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, तर ३८४० × २१६० च्या म्हणजे फोर-के पडद्यावर ८२,९४,४००. सेकंदास ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. प्रकाशकिरणांचा मार्ग काढणाऱ्या आधुनिक खेळांत इतके गणित इतक्या अल्प वेळात होणे महागड्या कार्डासही जड जाते.

तथापि ‘मूळ’ चित्र म्हणजे निर्भेळ चित्र, असा समज योग्य नाही. प्रत्येक पिक्सेलमागे एकच नमुना घेतल्यास तिरक्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि बारीक रेषा हलताना लुकलुकतात. म्हणून बहुतेक आधुनिक खेळ मागील फ्रेममधील माहिती चालू फ्रेममध्ये मिसळून कडा मऊ करतात. त्यामुळे मूळ रिझोल्यूशनच्या चित्रातही काहीशी धूसरता शिरते.

३. अपस्केलिंगची कार्यपद्धती

एनव्हिडिया कंपनीने २०१८ मध्ये डीएलएसएस हे तंत्र आणले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक खेळासाठी न्यूरल नेटवर्क स्वतंत्रपणे प्रशिक्षित करावे लागे आणि चित्र धूसर दिसत असल्याची टीका झाली. मार्च २०२० मधील दुसऱ्या आवृत्तीने पद्धतच बदलली. या आवृत्तीत दृश्याचा कॅमेरा दर फ्रेमला पिक्सेलहून कमी अंतराने सरकविला जातो. त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये दृश्यातील किंचित वेगळ्या बिंदूंचे नमुने मिळतात. कोणती वस्तू कोठून कोठे गेली हे गतिसदिश सांगतात. जुन्या फ्रेममधील कोणते नमुने विश्वासार्ह आहेत आणि कोणते टाकून द्यावेत, हे नेटवर्क ठरविते.

हा फरक मौखिक परंपरेच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या मुखातून ऐकून सोपानदेव चौधरी प्रभृतींनी लिहून घेतली. अशी कोणतीही ओवी एकदाच ऐकून लिहिणाऱ्यास निसटलेला शब्द अंदाजाने भरावा लागेल. तीच ओवी अनेकदा ऐकणारा मात्र एका वेळी निसटलेला शब्द दुसऱ्या वेळी टिपू शकतो. एकाच चित्रावरून मोठे चित्र करणारे तंत्र पहिल्या लेखनिकासारखे आहे, तर अनेक फ्रेमचे नमुने जुळविणारे तंत्र दुसऱ्यासारखे. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या अपस्केलिंगमधील तपशील बऱ्याच अंशी खरा असतो.

एएमडी कंपनीच्या एफएसआरची २०२१ मधील पहिली आवृत्ती एकाच फ्रेमवर काम करणारी होती. २०२२ मधील दुसरी आवृत्ती अनेक फ्रेमवर आधारित होती, परंतु तीत न्यूरल नेटवर्क नव्हते. यंत्रशिक्षणाचा अवलंब २०२५ मधील चौथ्या आवृत्तीत झाला. इंटेलचे एक्सईएसएस २०२२ मध्ये आले.

४. कार्यक्षमतेचे गणित

अपस्केलिंगच्या ‘क्वालिटी’ पर्यायात लांबी व रुंदी प्रत्येकी सुमारे दोन तृतीयांश, तर ‘परफॉर्मन्स’ पर्यायात निम्मी ठेवतात. म्हणजे फोर-के पडद्यासाठी दुसऱ्या पर्यायात प्रत्यक्षात एक चतुर्थांश पिक्सेलच काढले जातात. तरीही वेग चौपट होत नाही. उदाहरणादाखल, एका फ्रेमला २५ मिलिसेकंद लागतात असे मानू. त्यांपैकी १८ पिक्सेलसंख्येवर अवलंबून आहेत आणि ७ अन्य कामांचे आहेत. पिक्सेल चौथाईवर आणल्यास १८ चे ४.५ होतील. त्यांत अन्य कामांचे ७ आणि खुद्द अपस्केलिंगचे १.५ मिळविल्यास १३ मिलिसेकंद होतात. सेकंदास ४० फ्रेमऐवजी सुमारे ७७ फ्रेम मिळतात, म्हणजे वाढ दुपटीहूनही थोडी कमी आहे. अडथळा ग्राफिक्स कार्डाचा नसून प्रोसेसरचा असेल, तर लाभ जवळजवळ शून्य होतो.

फ्रेम-निर्मिती हे तंत्र याहून वेगळे आहे. २०२२ मधील डीएलएसएसच्या तिसऱ्या आवृत्तीने दोन खऱ्या फ्रेममध्ये एक कल्पित फ्रेम घालण्यास प्रारंभ केला. २०२५ मधील चौथ्या आवृत्तीत अशा तीन फ्रेमपर्यंत घालता येऊ लागल्या. हालचाल त्यामुळे सलग दिसते, पण पुढची खरी फ्रेम थोपवून धरावी लागत असल्याने खेळाडूच्या कृतीस मिळणारा प्रतिसाद सुधारत नाही, उलट किंचित लांबतो. जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० या कार्डातून मागील पिढीच्या आरटीएक्स ४०९० एवढी कार्यक्षमता मिळेल, असे जाहीर करण्यात आले. त्या दाव्याचा आधार प्रामुख्याने अशा निर्मित फ्रेम हाच होता.

५. चित्रगुणवत्तेची तुलना

समजा, खेळात केळीच्या बागेचे दृश्य आहे. पानांच्या फाटलेल्या कडा वाऱ्याने हलत आहेत आणि वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. फोर-के पडद्यावर ‘क्वालिटी’ पर्यायात नेटवर्कला २५६० × १४४० म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेलांचा आधार असतो. तारा पुष्कळदा मूळ चित्राइतक्याच, क्वचित त्याहून अधिक स्थिर दिसतात. हेच दृश्य १९२० × १०८० च्या पडद्यावर त्याच पर्यायात पाहिल्यास आधार केवळ ९,२१,६०० पिक्सेलांचा उरतो. पानांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, तारा तुटक दिसू शकतात आणि उडणाऱ्या पक्ष्यामागे छायेची पुसट शेपटी राहण्याचा संभव वाढतो. ज्या पावसाच्या वा धुळीच्या कणांसाठी गतिसदिश उपलब्ध नसतात, तेथे हा दोष विशेष जाणवतो.

यातील विसंगती लक्षणीय आहे. ज्याच्याकडे महागडा पडदा व समर्थ कार्ड आहे, त्यास अपस्केलिंग उत्तम साथ देते. साध्या पडद्याचा लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्यास गरज अधिक असूनही चित्राच्या दृष्टीने लाभ कमी मिळतो. शिवाय डीएलएसएससाठी विशिष्ट कार्ड लागते. एफएसआरच्या आरंभीच्या आवृत्त्या मात्र इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात.

६. शिफारशी

(१) यंत्राची निवड करताना मूळ रिझोल्यूशनवरील फ्रेमसंख्या प्रथम पाहावी. अपस्केलिंग व फ्रेम-निर्मितीचे आकडे स्वतंत्रपणे मांडण्याचा आग्रह धरावा.

(२) गुणवत्तेचा निर्णय स्थिर छायाचित्रावरून न घेता हलत्या दृश्यावरून घ्यावा.

(३) साध्या पडद्यावर ‘क्वालिटी’ पर्यायाखाली उतरू नये. त्याऐवजी खेळातील सावल्या वा प्रतिबिंबे यांची पातळी कमी करून पाहावी.

(४) जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. फ्रेमसंख्येस मर्यादा घालून अपस्केलिंग वापरल्यास कार्डावरील भार, वीजवापर व उष्णता कमी होते. हा लाभ साधारण यंत्रासही मिळतो.

७. निष्कर्ष

मूळ रिझोल्यूशन श्रेष्ठ की अपस्केलिंग, या प्रश्नास एकच उत्तर नाही. पुरेसे खरे नमुने असतील तेथे अपस्केलिंग हे कार्यक्षम पुनर्रचनेचे साधन आहे. नमुने अपुरे असतील तेथे ते अंदाजाकडे झुकते.

हा भेद खेळाबाहेर अधिक गंभीर ठरतो. केळीच्या पानावरील करप्याचे ठिपके तपासण्यासाठी घेतलेले एखादे अस्पष्ट छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठे केले, तर त्यामागे ना अनेक फ्रेम असतात ना गतिसदिश. तेथे दिसणारा ठिपका पानावर असेलच असे नाही. तो नेटवर्कला संभाव्य वाटलेला ठिपका असू शकतो. खेळातील असा दोष क्षणभर डोळ्यांस खुपेल, पण प्रयोगशाळेत तो चुकीचा निष्कर्ष देईल आणि शेतात चुकीची फवारणी घडवील. म्हणून सुबक चित्र पाहताना त्यातील प्रत्यक्ष मोजलेले किती आणि भरून काढलेले किती, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे हे सर्वच विषयांच्या अध्यापकांचे कर्तव्य ठरते.