पहिलीच्या आधीच पहिली नको

मार्च उजाडला की नांद्यात एक वाक्य कानावर यायला लागतं : ‘पोरगं यंदा पहिलीत जाईल आणि अजून त्याला वाचता येत नाही!’ सूस, लवळे, चांदे यांच्या शेजारचं हे मुळशी तालुक्यातलं गाव. इथे पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारी घरं आहेत, हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या सोसायट्या आहेत आणि बांधकामांवर लांबून आलेली कुटुंबंही आहेत. तिघांची राहणी वेगळी, पण ही काळजी मात्र एकसारखी. तिच्यावरचे उपायही ठरलेले आहेत. सुट्टीत शिकवणी, रोज दोन पानं बाराखडी, शंभरपर्यंत अंक पाठ. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत त्या साडेपाच-सहा वर्षांच्या जिवाला वहीचा कंटाळा आलेला असतो.

पहिलीत जाण्याआधी मुलाला वाचता-लिहिता आलंच पाहिजे, हा समज चुकीचा आहे. वाचायला शिकवणं हेच पहिलीचं काम आहे. ते मुलानं आधीच उरकून यावं अशी अपेक्षा कुठल्याही सरकारी अभ्यासक्रमात नाही. शंका असेल त्यांनी 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाची उद्दिष्टं काढून पाहावीत. पहिलीचं वर्ष संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य वाचता यावं आणि 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं तिथे म्हटलं आहे. वर्ष संपताना! आपण तेच वर्ष सुरू होण्यापूर्वी मागतो, वर एक संख्या जास्तच. त्याआधीच्या वर्षासाठी अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द आणि दहापर्यंतचे अंक एवढंच उद्दिष्ट आहे, आणि तेही खेळातून. एनसीईआरटीनं त्याच वर्षी ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रम आणला. त्यात पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळ, गाणी, गोष्टी आणि गप्पा यांसाठीच राखलेले आहेत.

घरच्या बाराखडीनं नेमकं काय होतं तेही पाहू. ‘क का कि की’ घडाघड म्हणणाऱ्या मुलाला ‘काकडी’ हा शब्द दाखवा. पुष्कळदा ते ‘क’पासून सूर धरतं आणि ‘का’पाशी येऊन थांबतं, कारण त्याला चाल पाठ आहे, अक्षर ओळखीचं झालेलं नाही. शिवाय वर्णमालेचा क्रम हा उच्चारांच्या शास्त्राचा क्रम आहे, शिकण्याच्या सोयीचा नाही. पहिलंच अक्षर ‘अ’ घ्या. लहान हाताला ते वळवताना किती वळणं घ्यावी लागतात! म्हणून तर आपल्याकडे ‘ग, म, भ, न’ अशी सारख्या वळणाची अक्षरं आधी घेण्याची रीत पडली. घरी एक क्रम घोटून घ्यायचा आणि शाळेत दुसरा सुरू व्हायचा, यात मूल गोंधळतं आणि आपण म्हणतो, याचं लक्षच नाही.

लिहिण्याचं तर आणखी वेगळं. नीट लिहिण्यासाठी खांदा, मनगट, बोटं आणि डोळे यांचा मेळ बसावा लागतो. तो माती मळून, शेंगा सोलून, कागद फाडून, दोरीला गाठी मारून बसतो. ‘हाडं कच्ची असतात म्हणून हातात पेन्सिल देऊच नका’ असंही काही जण सांगतात, तेही अर्धवट आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि शेवटचं हाड दिसू लागायला आठ-बारा वर्षांचं वय उजाडतं, हे खरं. पण म्हणून मूल रेघोट्या ओढायला घाबरत नाही आणि आपणही घाबरू नये. त्याला हवं तेव्हा, हवं ते, हवं तेवढं काढू द्यावं. ओळीत बसवून पानं भरून घेणं तेवढं थांबवावं.

अंकांची गोष्टही अशीच. शंभरपर्यंत म्हणून दाखवणाऱ्या मुलाला म्हणा, ‘मला आठ चिंचोके दे.’ ओंजळभर देईल, किंवा मोजता मोजता एकावर दोनदा बोट ठेवील. म्हणता येणं आणि मोजता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गणित उभं राहतं ते मोजता येण्यावर. त्यात मराठी संख्यानामं कठीण. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचा असतो दोन! चिंचोके, वाट्या, जिन्याच्या पायऱ्या मोजून दहापर्यंतचा अंदाज पक्का झालेलं मूल पहिलीसाठी पुरेसं तयार असतं.

यावर हमखास येणारा प्रश्न : ‘पण लवकर सुरुवात केली तर पुढे राहील ना?’ न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं यांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या आसपास दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. फिनलंडमध्ये मूल ज्या वर्षी सात वर्षांचं होतं त्या वर्षी शाळेत जातं. दोन वर्षांच्या रडारडीतून मिळवलेली आघाडी अशी विरून जात असेल, तर ती मिळवायची कशाला? रडारड मात्र मागे उरते. पुस्तक म्हटलं की चापट आठवणाऱ्या मुलाला गोडीनं वाचायला लावणं पहिलीच्या बाईंना फार जड जातं.

याचा दोष एकट्या पालकांवर टाकून चालणार नाही. काही शाळा प्रवेशाच्या वेळी मुलाला समोर बसवून रंग, अक्षरं, इंग्रजी शब्द विचारतात आणि मग आई-बाप घाबरतात. हे कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कुठलीही चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या वेळी 25 हजार आणि पुढे दर वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असा अनुभव आला तर मुकाट परत येऊ नका, पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा.

मग तयारी कशाची करायची? उत्तर आपल्याच जिल्हा परिषद शाळांत मिळतं. 2022 साली राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान सुरू झालं. उन्हाळी सुट्टीआधी एक मेळावा आणि शाळा उघडताना दुसरा. मेळाव्यात शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषेचा विकास आणि गणनपूर्व तयारी यांची वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात. मूल उड्या मारतं, वस्तूंचे गट करतं, चित्रात काय दिसतं ते सांगतं, स्वतःचं नाव न लाजता सांगतं. पालकांनी हे मेळावे चुकवू नयेत, कारण शाळा मुलात काय पाहते ते तिथे समोर दिसतं.

इथेच दुसरा समज आडवा येतो, आणि तो मला जास्त सलतो. ‘आम्ही काय शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?’ शाळा उघडते जूनच्या मध्याला, म्हणजे मुळशीत भाताचे तरवे टाकण्याच्या दिवसांत. घरचे सगळे शेतावर. पण खाचरात पाणी किती चढलं, रोपाच्या जुड्या किती झाल्या, काल बेडूक कुठे दिसला होता, हे पोराशी बोलणारी आई भाषा आणि गणित दोन्ही शिकवत असते. ‘पहिले पाऊल’मधले माता गट याच विश्वासावर उभे आहेत. हा विश्वास महाराष्ट्रात जुना आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. तिथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अनुताई वाघ यांच्यासह काम करताना त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले यांनाच शिकवण्याचं साहित्य केलं आणि बालवाडी घरांच्या अंगणात नेली. बापानं रात्री मूल कुशीत घेऊन एक गोष्ट सांगितली, ‘आज शाळेत कुणाशी खेळलास?’ विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं, तर ते कुठल्याही शिकवणीपेक्षा मोलाचं आहे. अक्षरओळख नसलेल्या बापालाही ते जमतं.

‘वर्ष वाया जाईल’ म्हणून वय वाढवून किंवा ओढून-ताणून पहिलीत घालणं हा आणखी एक प्रकार. राज्यात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीला पात्र आहे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये जेमतेम साडेपाचचं असतं आणि शेजारी बसलेलं जवळजवळ वर्षानं मोठं असू शकतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 2018) वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकण्याचा विकार, असल्याचं निदान सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा 34 टक्के जास्त वेळा झालेलं आढळलं. पोरवय आजार समजलं जातं ते असं. मूल वर्षअखेरीचं असेल तर ते बाईंना पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी काही नेहमीचे प्रश्न. घरी इंग्रजी बोललं की शाळा सोपी जाते? नाही. जी भाषा तुम्हाला सहज येते, मग ती मराठी असो, कन्नड असो की भोजपुरी, तिच्यातच भरपूर बोला.

जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश मिळत नाही? वयाचा पुरावा नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14), आणि वर्षाच्या मध्ये गावात आलेल्या मुलालाही शाळेत घ्यावंच लागतं.

गृहपाठ नाही म्हणजे शाळा ढिली? केंद्राच्या 2020च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नको.

रडणाऱ्या मुलाची नजर चुकवून निघून जावं? त्यानं धास्ती वाढते. ‘शाळा सुटली की मी फाटकापाशी असेन’ असं सांगून जा आणि वेळेवर या.

डावखुऱ्याचा हात बदलावा? अजिबात नको.

डबा, बाटलीचं झाकण, चड्डीची गुंडी आपली आपण उघडता येणं आणि ‘बाई, लघवीला जाऊ?’ असं न घाबरता विचारता येणं, याचा सराव मात्र मे महिन्यात जरूर करून घ्या. पोरं दिवसभर लघवी दाबून बसतात. डोळ्यांकडेही लक्ष असू द्या : फळ्यावरचं उतरवताना चुकणारी काही मुलं मंद नसतात, त्यांना फळा दिसत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. तो दिवस बाईंकडून विचारून घ्या आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.