निबेवरचे चार आकडे

जुन्या फाउंटन पेनांच्या बाजारात रंगावर भाळणारे पुष्कळ. जाणकार मात्र आधी टोपण काढून निब बघतो. बहुतेक निबा मुक्याच असतात. 'वॉरंटेड १४ कॅरेट' कोरलेलं असलं, तर सोन्याचा कस कळतो, रेघ कशी उमटेल ते नाही. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या एस्टरब्रुक कंपनीच्या निबा मात्र बोलक्या.

ही कंपनी १८५८ची, मुळात टाकाच्या पोलादी निबा करणारी. फाउंटन पेनांकडे वळल्यावर तिने निब, खालची जीभ आणि आट्यांची कॉलर असा एकच सुटा भाग केला आणि त्याला 'रिन्यू-पॉइंट' नाव दिलं. तो हाताने फिरवून काढायचा, दुसरा बसवायचा.

निबेवर चार आकडे असतात. पहिला १ किंवा २ असला तर टोक नुसत्या पोलादाचं. ९ असला तर टोकाला कठीण मिश्रधातू जोडलेला. पुढचे तीन आकडे काम सांगतात. १५५०, २५५०, ९५५० या तिन्ही बारीक टोकाच्या, खतावणी लिहिणाऱ्या हिशेबनिसासाठी. ६६८ रोजच्या लिखाणाची. ४६० ताठ, कारण खालच्या कार्बन कॉपीपर्यंत दाब पोचायला हवा. ५५५ ग्रेग लघुलिपीची. ग्रेगमध्ये रेघेच्या जाडीला अर्थ नसतो, म्हणून तीही वाकत नाही. आपल्याकडे रुळलेल्या पिटमन पद्धतीत जाड आणि बारीक रेघेने उच्चार बदलतो. तिथे दाबल्यावर फाकणारीच निब हवी. फाकणारी निब हवी असेल तर ०४८ शोधावी. एका कचेरीतली निम्मी पदं या आकड्यांत सापडतात!

मला सर्वांत आवडते ती तिरक्या कापाची ३१४, 'रिलीफ'. ज्यांनी बोरू छाटला आहे, त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

पण आकड्यांवर फार विसंबू नये. निब सुटी असल्यामुळे पेनाच्या दांड्यावरून तिचं मूळ ठरत नाही. इंग्लंडच्या ऑस्मिरॉइडच्या निबाही याच आट्यांत बसतात. खरी फसगत १ आणि २च्या मालिकांत होते. नुसतं पोलाद कागदावर झिजतं, टोक चपटं होतं, आणि साध्या २६६८ची रेघ रुंद, छान वळणदार दिसू लागते. विक्रेता तिला खुशाल 'दुर्मीळ स्टब', म्हणजे मुळातच रुंद, सपाट टोकाची निब म्हणतो. अशा वेळी भिंगाखाली धरावं. कारखान्यातल्या स्टबची दोन्ही पाती सारखी रुंद असतात, कडा मुद्दाम गोलावलेल्या असतात. झिजलेल्या निबेला एकाच बाजूला चकचकीत उतार पडलेला असतो, जुन्या मालकाच्या पेन धरण्याच्या कोनातला. त्याच कोनात धरली तर ती लोण्यासारखी चालते. जरा फिरवली की कागद ओरबाडते. किंमत ठरवण्याआधी शाईत बुडवून दोन्ही प्रकारे लिहून बघावं, आणि विक्रेता लिहू देत नसेल तर ती साधी २६६८ समजूनच पैसे द्यावेत.