जोड तोडीची हवी



पावसाळ्यांतील एक संध्याकाळ. रंकाळ्याकडे फिरावयास जाण्याचा बेत पावसानें हाणून पाडलेला. घरांतील नऊ वर्षांची मुलगी संगणकापुढें बसली आहे, आणि शेजारींच दुसऱ्या संगणकापुढें तिचा बाप. दोघांच्याहि पडद्यावर एकेक लहानसें गांव आहे. गांवकरी लांकूड तोडीत आहेत, शेतें पिकवीत आहेत, आणि थोड्याच वेळांत एका गांवची फौज दुसऱ्या गांवावर चालून जाणार आहे. यापूर्वीं चार दिवस मुलगी ओळीनें हरली होती. पांचव्या दिवशीं बापानें आपली फौज हळूच भलत्या वाटेला लावली आणि मुलगी जिंकली. ती आनंदानें टाळ्या पिटील अशी त्याची कल्पना. तिनें एकदां पडद्याकडे पाहिलें, एकदां बापाकडे पाहिलें, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम हरलासा!" त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशीं खेळली नाहीं.

तो बाप मीच, हें आपण ओळखलें असेलच. त्या आठ दिवसांत मला जो विचार करावा लागला, तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. मुलांशीं चढाओढीचे खेळ खेळतांना दोन वाटा आपल्याला सहज सुचतात: एक तर सर्व बळ लावून मुलाला हरवावयाचें, नाहीं तर गुपचूप त्याला जिंकूं द्यावयाचें. पहिल्या वाटेनें मूल खेळ सोडतें. दुसऱ्या वाटेनें तें आपल्यावरील विश्वास सोडतें. यांपेक्षां निराळी अशी तिसरी वाट आहे काय?

प्रथम या खेळांचें स्वरूप पाहूं. बाजारांत त्यांना स्ट्रॅटेजी गेम म्हणतात. आपण त्यांस डावपेचांचे खेळ म्हणूं. त्यांत दोन जाती आहेत. एकींत बुद्धिबळाप्रमाणें पाळीपाळीनें चाल करावयाची असते. सिड मायर यांचा 1991 सालीं निघालेला 'सिव्हिलायझेशन' हा या जातीचा. दुसरींत पाळी नसते, दोन्ही पक्ष एकाच वेळीं धांवत असतात. 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा 1999 सालचा दुसरा भाग याचें प्रसिद्ध उदाहरण. आमच्या घरीं चालतो तो हाच.

या खेळांत मूल हरतें तें शेवटच्या लढाईंत, असें आपल्याला वाटतें. वस्तुतः तें पहिल्या पांच-दहा मिनिटांतच हरलेलें असतें. आरंभीं बहुधा प्रत्येकाजवळ तीन गांवकरी असतात. नवा गांवकरी मिळविण्यास 50 माप अन्न आणि खेळांतील 25 सेकंद लागतात. मूल मेंढरें हांकण्यांत रमलें आणि दोन मिनिटें नवा गांवकरी मागविण्यास विसरलें, तर त्याच्या गांवीं सुमारें पांच माणसें कमी पडलीं. त्या पांचांनीं जें अन्न आणलें असतें, त्यांतून पुढील माणसें उभीं राहिलीं असतीं. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाप्रमाणें ही तूट वाढत जाते, आणि अर्ध्या तासानें बापाची फौज वेशींत येते तेव्हां मुलाला कळतच नाहीं कीं आपली चूक कोठें झाली. न कळणाऱ्या कारणानें हरणें, हेंच मुलांना सर्वांत असह्य होतें.

आतां या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास कोल्हापूरकरानें दूर जाण्याचें कारण नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान 1912 सालापासून आपल्या शहरांत उभें आहे. तेथें कुस्ती पाहावयास जाणारा माणूस आधीं काय विचारतो? जोड कोणाकोणाची आहे, हें! जोड तोडीची नसेल तर कुस्ती चितपट झाली तरी प्रेक्षक हळहळतो. खाशाबा जाधव यांनीं 1952 सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें, तें बॅन्टमवेट या हलक्या वजनाच्या गटांत. त्यांच्यापुढें अवाढव्य देहाचा मल्ल उभा करावयाचा, असा नियम असता, तर त्यांचें कसब जगाला दिसलें असतें काय? वजनाचा गट करणें म्हणजे कोणावर दया करणें नव्हे; कसबाला वाव मिळावा म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

बुद्धिबळांत हीच व्यवस्था निराळ्या रीतीनें होते. वरचढ खेळाडू आपलें एखादें प्यादें, घोडा किंवा वजीरसुद्धां पटावरून काढून ठेवतो व मग डाव मांडतो. पूर्वेकडील 'गो' या खेळांत दुबळ्या खेळाडूस आरंभींच दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या पटावर मांडूं देण्याची जुनी रीत आहे. घड्याळ लावून खेळणारे एकास पांच मिनिटें व दुसऱ्यास पंधरा मिनिटें देतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: सवलत डावापूर्वीं, दोघांच्या संमतीनें आणि उघडपणें ठरते. सवलत उघड असली म्हणजे तो खेळाचा नियम होतो. लपविली म्हणजे ती फसवणूक होते. माझी चूक नेमकी येथेंच झाली होती.

सवलत किती असावी? येथें बुद्धिबळाचें गणित उपयोगी पडतें. आर्पाड एलो यांची गुणांकनाची पद्धति जागतिक बुद्धिबळ महासंघानें 1970 सालीं स्वीकारली. तिच्याप्रमाणें दोन खेळाडूंत 200 गुणांचें अंतर असेल तर वरचढास शंभर डावांत सुमारें 76 गुण मिळावेत. 400 चें अंतर असेल तर सुमारें 91. बाप आणि नऊ वर्षांची मुलगी यांच्यामधील अंतर बहुधा याहूनहि मोठें. घरांत इतकें सूक्ष्म मोजमाप नको. तीन डावांत एक तरी डाव मुलानें खरोखर जिंकावा, इतपत सवलत असावी, असा मीं ठोकताळा धरला आहे.

कांहीं खेळांत ही सोय आयतीच असते. 'सिव्हिलायझेशन'च्या चौथ्या व पांचव्या भागांत एकत्र खेळणाऱ्या प्रत्येकास आपापली काठिण्याची पायरी निवडतां येते. 2010 सालच्या 'स्टारक्राफ्ट'च्या दुसऱ्या भागांत एका पक्षाच्या सैनिकांचें बळ शेंकडेवारीनें कमी करतां येतें. जेथें अशी सोय नसेल तेथें नियम आपणच करावा. मात्र तो विचारपूर्वक करावा. मीं प्रथम ठरविलें कीं, वीस मिनिटें मी चढाई करणार नाहीं. परिणाम काय झाला? वीस मिनिटें माझें गांव बिनघोर वाढलें आणि एकविसाव्या मिनिटास मुलीवर पूर कोसळला! तूट आरंभीं पडते, तर सवलतहि आरंभींच दिली पाहिजे. आतां खेळ सुरू झाला कीं मी पहिलीं चार मिनिटें हात जोडून स्वस्थ बसतों. मुलगी ओळीनें दोनदां हरली तर एक मिनिट वाढतें, दोनदां जिंकली तर एक मिनिट घटतें. ही नोंद ती स्वतः वहींत ठेवते. वही तिच्या हातीं असल्यामुळें न्यायाविषयीं भांडण उरलें नाहीं.

घरांत दोन भावंडें असतील तर आणखी एक पेंच येतो. तिघांनीं तीन बाजूंनीं खेळावयाचें म्हटलें कीं दोघे एक होतात व तिसरा रडतो. म्हणून तह कोणाचा कोणाशीं, हें आधींच ठरवावें. भावंडें एका बाजूस व आईबाप दुसऱ्या बाजूस, किंवा सर्व घर एका बाजूस आणि संगणक शत्रुपक्षीं. यांत एक धोका आहे. थोरला भाऊ सेनापति होतो आणि धाकटीला हुकूम सोडीत बसतो. प्रत्येकाचें गांव ज्याच्या त्याच्या ताब्यांत असावें. मागितल्यास सल्ला द्यावा, धान्य किंवा सोनें पाठवावें, पण दुसऱ्याच्या यंत्राला हात लावूं नये. बरोबरीचीं भावंडें हें घराचें भाग्यच समजावें. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकीं वासंती यांनीं 1974 सालची पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा जिंकली, आणि पुढें जयश्री व रोहिणी यांनींहि तें पद अनेकदां मिळविलें.

डाव संपविण्याचाहि नियम हवा. हे खेळ तासन्‌तास चालतात. जेवणाचीं पानें मांडलीं म्हणून रंगांत आलेला डाव मध्येंच बंद करावयाचा, यासारखा अन्याय मुलांना दुसरा वाटत नाहीं. पाळीच्या खेळांत किती पाळ्या खेळावयाच्या हें आधीं ठरवावें. धांवत्या खेळांत अमुक वेळीं मोजणी, ज्याचे गुण अधिक तो जिंकला, असें ठरवावें.

सर्वांत गमतीचा प्रकार आतां सांगतों. एकाच संगणकावर पाळीपाळीनें खेळतांना मूल फारच मागें पडलें असें दिसलें, तर डाव न मोडतां खुर्च्या बदलाव्या. मुलाचें मोडकळीस आलेलें राज्य बापानें घ्यावें आणि बापाचें भरभराटीचें राज्य मुलानें. मूल वरचढ बाजू कशी चालते तें आंतून पाहतें. आणि पडत्या बाजूनेंहि धीर धरून कसें खेळावें, हें बापाला बोलून नव्हे तर करून दाखवावें लागतें. आपणां वडील मंडळींना हा धडा मुलांपेक्षां अधिक जड जातो, हें मी अनुभवानें सांगतों.

आणि हरल्याबरोबर उपदेश नको! मुलाला थोडा वेळ रुसूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं एकच प्रश्न विचारावा: "काल डाव फिरला तो कुठं, गं?" उत्तर चुकीचें असलें तरी चालेल, शोधण्याची संवय लागली म्हणजे झालें.

गेल्या रविवारीं माझ्या मुलीनें वही उघडली आणि म्हणाली, "बाबा, आज चार मिनिटं नकोत. दोनच बसा." मीं म्हटलें, "हरशील हं." ती म्हणाली, "हरू दे की." ती हरली, बऱ्याच थोडक्यानें हरली. वहींत तिनें आपल्या हातानें तशी नोंद केली, आणि मीं उठण्यापूर्वींच दुसरा डाव मांडावयास घेतला.