बोटीवरचा इन्व्हर्टर : तार किती जाड?

घरी २३० व्होल्टवर ६०० वॅटचे दिवे, पंखे, टीव्ही चालवायला साधारण २.६ अँपिअर प्रवाह पुरतो. समजा, हाच भार इंजिन बंद करून नांगर टाकलेल्या बोटीवर, १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरने चालवायचा आहे. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे ७०६ वॅट घ्यावे लागतील. त्याला १२ ने भागा. उत्तर येते ५९ अँपिअर!

बॅटरी आणि इन्व्हर्टर यांत तीन मीटर अंतर असले, तर जाऊन-येऊन तार लागेल सहा मीटर. घरगुती वायरिंगमधली २.५ चौ. मि.मी. छेदाची तांब्याची तार घेतली, तर तिचा रोध भरतो जेमतेम ०.०४१ ओहम. नगण्यच वाटतो. पण ५९ अँपिअरला २.४ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि इन्व्हर्टर 'बॅटरी उतरली' असे समजून बंद पडतो. त्याआधी तारेत सुमारे १४० वॅट उष्णता निर्माण होत असते. आवरण वितळायला तेवढी पुरे. २५ चौ. मि.मी. ची तार घेतली की दोन्ही आकडे दहापटीने उतरतात. त्याहून सोपे म्हणजे इन्व्हर्टर बॅटरीजवळ, पण तिच्या कप्प्याबाहेर बसवावा आणि लांब तार २३० व्होल्टच्या बाजूला न्यावी. विक्रेते वॅट विचारतात, अंतर क्वचितच विचारतात.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा, कारण त्याच्या अलीकडच्या तारेला कसलेच संरक्षण नसते. बोटीच्या हादऱ्यांनी आवरण घासून शॉर्टसर्किट झाले, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. घरात आग लागली तर अंगणात पळता येते. समुद्रात कुठे जाणार?

आता बॅटरी. दोन तासांना ११८ अँपिअर-तास लागतील. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणून २३६. एवढ्यावर गणित संपत नाही. बॅटरीवर छापलेली क्षमता बहुधा वीस तास सावकाश वापरासाठी असते. प्रवाह वाढवला की ती घटते. पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये याचा नियम मांडला. त्यातला घातांक १.२ धरल्यास १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडाव्या लागतात, तेव्हा कुठे जेमतेम दोन तास निघतात.

चार्ज होताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. तो हलका असल्याने बॅटरीच्या कप्प्याला झरोका वरच्या बाजूस ठेवावा.