काच आणि कातडी यांच्या मध्ये

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत फेटलिंगच्या खात्यात डोकावून बघा. साच्यातून निघालेल्या ओतकामाच्या कडा आणि बर ग्राइंडरवर घासून काढायचे, हे तिथले काम. ठिणग्यांचा फवारा दिवसभर थांबत नाही. भिंतीवर डोळे जपण्याची पाटी असते. तिच्याखाली काम करणाऱ्यांपैकी काहींचा गॉगल डोळ्यांवर, काहींचा कपाळावर आणि एखाद्याचा गळ्यात. सुपरवायझर दिसला की कपाळावरचे खाली उतरतात, तो वळला की पुन्हा वर चढतात. याला कामगारांचा निष्काळजीपणा म्हणायचे आणि दंड, भाषण, सुरक्षा सप्ताह यांवर भागवायचे, ही आपली जुनी रीत. गॉगल कपाळावर का चढतो, हे गॉगललाच विचारावे असे फारसे कोणाला वाटत नाही.

विचारले तर उत्तरे साधी असतात. नाकावर रुततो. घाम डोळ्यांत उतरतो. काचेवर वाफ धरते. फोम निघाला आहे, प्लास्टिकची कड लागते. चारही तक्रारी काचेच्या नाहीत. त्या काच आणि कातडी यांच्या मधल्या, जेमतेम बोटभर रुंद अशा गादीच्या आहेत.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने कामावरच्या डोळ्यांच्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्याचे आकडे तिथले सुरक्षा खाते पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिले. जखमी झालेल्या दर पाचांपैकी जवळजवळ तिघांनी अपघाताच्या वेळी डोळ्यांवर काहीही घातलेले नव्हते. यात नवल नाही. नवल दुसऱ्या आकड्याचे आहे. ज्यांनी काहीतरी घातले होते, त्यांच्या ९४ टक्के जखमा कण किंवा रसायन कडेने अथवा खालून आत शिरल्यामुळे झाल्या होत्या, आणि उडून लागलेल्या वस्तूंपैकी बहुतेक टाचणीच्या डोक्याहूनही लहान होत्या. म्हणजे न घालणाऱ्याला गादी टोचते आणि घालणाऱ्याला गादीची फट दगा देते. शंभर वर्षे अक्कल खर्च झाली ती काचेवर. काचेऐवजी पॉलिकार्बोनेट आले, ओरखडा न पडणारे लेप आले, वाफ न धरणारे लेप आले. गादी मात्र बहुतेक स्वस्त गॉगलांत अजून दुहेरी टेपने चिकटवलेला फोमचा तुकडाच आहे.

जुन्या लोकांना ही अडचण नव्हती, कारण त्यांचा गॉगल एकाच चेहऱ्यासाठी घडत असे. बर्फावरून परतणाऱ्या उजेडाने डोळे जातात म्हणून आर्क्टिकमधले इनुइट लोक लाकूड, हाड किंवा हस्तिदंत कोरून बारीक चिरेचा गॉगल करत. त्याची आतली बाजू घालणाऱ्याच्या नाकागालांप्रमाणे खोलगट करत आणि चकाकी मारण्यासाठी तिला काजळी फासत. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर, इतोमान गावच्या कोळ्यांत, १८८०च्या दशकात पाण्याखाली वापरायचा 'मीकागान' आला. हलक्या लाकडाच्या दोन चौकटी, त्यांत काच, आणि कड प्रत्येक कोळ्याच्या डोळ्याच्या खोबणीला बसेपर्यंत तासलेली. फोम नाही, रबर नाही, तरी पाणी आत येत नसे. उशीचे काम तिथे चाकू करत होता.

कारखान्यात एकाच साच्यातून हजारो गॉगल पडायला लागले आणि चाकू सुटला. त्याच्या जागी आधी कातडे आणि फर आले, पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या गॉगलांना असे, मग स्पंज रबर आणि शेवटी फोम. ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. त्याचा मऊ फोम १९५०च्या दशकात सर्रास मिळू लागला आणि गाद्या, सोफे, मोटारींच्या बैठका यांच्याबरोबर गॉगलच्या कडेलाही चिकटला. न पाहिलेल्या चेहऱ्यांसाठी, माप न घेता करायची कोरणी आता या फोमवर सोपवलेली आहे. गादीचा विचार करताना ही गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचे बरेच सुटते.

आता थोडा हिशोब. पट्टा ताणलेला असतो म्हणून गॉगल चेहऱ्यावर टिकतो. पट्ट्याचे हे बल, धरून चालू, ६ न्यूटन आहे, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम वजनाएवढे. गादीचा घेर ३५ सेंटिमीटर आणि रुंदी ८ मिलिमीटर असेल तर टेकणारे क्षेत्र २८ चौरस सेंटिमीटर होते. गादी सगळीकडे सारखी टेकली तर कातडीवर पाऱ्याच्या १६ मिलिमीटरएवढा दाब येतो. पण चेहरा सपाट नाही. गादी पातळ किंवा निबर असेल तर ती नाकाचा दांडा, भुवईचे हाड आणि गालाची दोन टोके एवढ्यावरच टेकते. टेकणारे क्षेत्र चौथाईवर आले की तोच पट्टा ६४ मिलिमीटर दाब देतो. युजीन लँडिस याने १९३० साली नखाजवळच्या केशवाहिन्यांत थेट नळी घालून रक्ताचा दाब मोजला होता. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर निघाला. हा आकडा काही लक्ष्मणरेषा नाही. माणूस, जागा आणि वेळ यांप्रमाणे तो बदलतो. तरी त्याच्या दुप्पट दाब कातडीखाली लगेच हाड असलेल्या जागी आठ तास राहिला, तर तिथे रक्त नीट फिरत नाही. आधी वळ, मग लाली, मग फोड.

हे २०२० साली सगळ्या जगाने पाहिले. चीनच्या हुबेई प्रांतात कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीत ९७ टक्के जणांनी त्वचेला इजा झाल्याचे सांगितले. सर्वाधिक त्रास नाकाच्या दांड्याला होता, ८३ टक्के लोकांना. आपल्याकडेही वॉर्डातून बाहेर आलेल्या परिचारिकांच्या नाकावर मायक्रोपोरची पट्टी असायची. ती पट्टी म्हणजे निर्मात्याने न दिलेली गादी. जाड पट्टी लावली तर मास्कची आणि गॉगलची कड उचलली जाऊन फट पडते, आणि ज्यासाठी सगळे चालले आहे तेच हुकते. म्हणून आराम हा नंतर जोडायचा भाग नाही, तो मूळ आराखड्यातच असायला हवा.

मग चांगली गादी कशी असते? फोम दाबताना तीन टप्पे दिसतात. गिब्सन आणि ॲशबी यांच्या 'सेल्युलर सॉलिड्स' या १९८८च्या ग्रंथाने याची मांडणी घट्ट केली. सुरुवातीला पेशींच्या भिंती थोड्या वाकतात आणि दाब चेपण्याच्या प्रमाणात वाढतो. नंतर भिंती लचकून कोसळू लागतात. या टप्प्यात फोम खूप चेपतो, पण दाब फारसा वाढत नाही. शेवटी भिंतींवर भिंती टेकतात, फोम घट्ट होतो आणि कातडीला नुसती चौकट लागावी तसा लागतो. आपल्याला हवा तो मधला टप्पा. नाकाच्या दांड्यावर गादी जास्त चेपली आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात कमी चेपली, तरी दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा, ही त्याची करामत. पण त्यासाठी जाडी लागते. चेहऱ्याचे चढउतार ६ मिलिमीटरचे असतील आणि गादीही ६ मिलिमीटरचीच असेल, तर नाकावर ती तिसऱ्या टप्प्यात जाऊन बसते. स्वस्त गॉगलांचे बहुतेक दुखणे इथे आहे. फोम वाईट नसतो, पुरेसा नसतो.

जाडी सगळीकडे सारखी हवी असेही नाही. नाकाशी आणि कपाळाशी वेगळी, कानशिलाकडे अधिक. चष्मा लावणाऱ्याची दांडी तिथून जाते, तेव्हा त्या जागी फोमला खाच न ठेवल्यास दांडी फोम उचलते आणि कणांना दार मिळते. चाळिशीनंतरच्या कामगारांचा विचार केला तर ही किरकोळ बाब नाही.

पुढचा तिढा हवेचा. ओपन-सेल फोमच्या पेशी एकमेकींत उघडतात, हवा खेळते, वाफ निघून जाते. पण घामही शोषला जातो आणि रसायनाचा शिंतोडाही. क्लोज्ड-सेल फोम, म्हणजे ईव्हीए किंवा निओप्रिनच्या जातीचा, पाणी अडवतो, पण आत भट्टी होते. स्कीइंगच्या गॉगलांत हा पेच १९६५ साली बॉब स्मिथ या अमेरिकन दंतवैद्याने फोडला. दोन काचा आणि त्यांच्या कडेच्या झरोक्यांवर हवा जाऊ देणारा फोम. बर्फ अडतो, वाफ निघते. फाउंड्रीत हीच गोष्ट सोपी नाही. तिथे बारीक धूळ अडवायची आणि मे महिन्यातला घामही बाहेर काढायचा. म्हणून चांगल्या गादीत थर असतात. चौकटीकडे आकार धरणारा दाट फोम, मध्ये मऊ फोम, कातडीकडे घाम ओढणारे मऊ कापड. ओल्या कातडीचे घर्षण वाढते आणि ती लवकर सोलवटते, त्यामुळे वरचे कापड शोभेचे समजू नये. सिलिकॉनची गादी धुवायला उत्तम आणि टिकायलाही, पण घाम शोषत नाही. एका पाळीत अनेकांनी घालायचा गॉगल असेल तर मी सिलिकॉन घेईन. एकाच माणसाने आठ तास घालायचा असेल तर नाही.

काही कातड्यांना गादीच चावते. निओप्रिन पक्के करताना वापरलेली थायोयुरिया गटातली रसायने आणि ते चिकटवणाऱ्या गोंदातली राळ यांची ॲलर्जी त्वचारोगतज्ज्ञांना चांगली ठाऊक आहे. पोहण्याच्या गॉगलांमुळे डोळ्यांभोवती उठलेल्या पुरळाच्या नोंदी आहेत.

आणि शेवटी गादी मरते. रोज चेपून, ड्रॉवरमध्ये उपडी दाबून ठेवून ती पुन्हा फुगेनाशी होते. फोमची ही खोड मोजायची एक ठरलेली पद्धत आहे. नमुना निम्म्यापर्यंत दाबून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवायचा, मग सोडून किती जाडी परत आली ते बघायचे. याशिवाय हवा स्वतः फोम खाते. एस्टर जातीचे पॉलियुरेथेन दमट उष्ण हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन तुटते. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटाचा सोल एक दिवस हातात भुगा होऊन येतो, त्याचे कारण हेच. ईथर जातीचे दमटपणा सोसते, पण ऊन आणि हवेतला ऑक्सिजन त्याला पिवळे आणि ठिसूळ करतात. कोकणपट्टीतल्या कारखान्याने कोणता फोम घ्यावा, हे यावरून ठरायला हवे. कोविडच्या काळात गॉगल हायपोक्लोराइटमध्ये बुडवून पुन्हा वापरले गेले, तेव्हा काच टिकली आणि फोम गेला.

काच वर्षभर टिकते आणि गादी काही महिने, तर दोन्ही एकमेकींना कायमच्या का जोडाव्यात? गादी बदलता येण्याचे सगळ्यात ठळक उदाहरण सुरक्षा गॉगलातले नाही, खेळण्यातले आहे. २०२१च्या जुलैमध्ये फेसबुकने 'ऑक्युलस क्वेस्ट २' या आभासी वास्तवाच्या हेडसेटची चेहऱ्याकडची फोमची कड परत बोलावली. एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख नग. त्वचेच्या त्रासाच्या ५,७१६ तक्रारी आल्या होत्या. कड निघू शकत होती म्हणून ४० लाख यंत्रे परत घ्यावी लागली नाहीत. कंपनीने वरून चढवायचे सिलिकॉनचे आवरण फुकट पाठवले आणि प्रकरण आटोपले. कड कारखान्यातच चिकटवून टाकली असती तर काय झाले असते, याचा हिशोब कुठल्याही लेखापालाने करून बघावा.

जोडण्याच्या रीती थोड्याच आहेत. दुहेरी टेप स्वस्त, पण घामाने सुटते. वेल्क्रो सोपे, पण त्याच्या आकड्यांत धातूचा भुसा अडकून बसतो. चौकटीच्या खोबणीत सिलिकॉनची कड दाबून बसवणे चांगले. मला सर्वांत पटते ती पातळ प्लास्टिकची आतली चौकट. फोम तिच्यावर कायमचा बसवलेला आणि ती मुख्य चौकटीत टिचकन बसणारी. 'वायली एक्स'सारख्या काही कंपन्यांच्या चष्म्यांत अशी निघणारी कड असते. अशी चौकट हातमोजे घातलेल्या बोटांना धरता यावी, उलटी बसूच नये, आणि नीट बसली नसेल तर ते डोळ्यांना दिसावे. वरचे कापड झिजल्यावर खालचा फोम वेगळ्या रंगाचा दिसला, तर गादी बदलायची वेळ कोणी सांगायला नको.

घरगुती उपाय करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. दार-खिडक्यांची फोमपट्टी कापून फेविक्विकने चिकटवलेली गादी अनेक ठिकाणी दिसेल. अडचण दोन प्रकारची. तो गोंद वाळला की दगडासारखी रेघ राहते आणि तीच कातडीत रुतते. शिवाय त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. दुसरी अडचण कागदोपत्री. 'ईएन १६६' या युरोपीय मानकात ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी गॉगलवर सेकंदाला १२० मीटरपर्यंतच्या वेगाने मारतात. ६५० अंशांना तापवलेली सळई गॉगलला टेकवून तो पेटतो का ते बघतात. चौकटीवरचा ३ हा अंक द्रवाच्या थेंबांसाठी, ४ जाड धुळीसाठी, ५ वायू आणि बारीक धुळीसाठी. हे तीनही अंक काचेने नव्हे, कडेने मिळवलेले असतात. गादी बदलली की चाचणी दिलेला गॉगल तो राहत नाही. म्हणून सुटी गादी निर्मात्यानेच, त्याच चाचणीतून काढून विकायला हवी.

मानकांत आरामाविषयी फार थोडे आहे. कड टोकदार नको, पट्टा किमान १० मिलिमीटर रुंद हवा, कातडीला खाज आणणारे म्हणून माहीत असलेले पदार्थ नकोत, एवढेच. आठ तासांनी नाकावर किती दाब उरतो, हे विचारलेले नाही. आपल्याकडे डोळ्यांच्या संरक्षकांसाठी 'आयएस ५९८३' हे मानक आहे आणि १९४८च्या कारखाना कायद्यातले ३५वे कलम गॉगल द्यायला लावत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक काढले. तरी बाजारातले बरेच गॉगल परक्या चेहऱ्यांच्या साच्यांवर बेतलेले असतात. मोजलेले चेहरे आणि ओतलेले साचे यांची गाठ पडेपर्यंत ते अंतर गादीलाच भरून काढावे लागणार.

सोय खरेदी खात्यातून सुरू होऊ शकते. ग्राइंडिंग व्हील झिजते म्हणून स्टोअरमधून न विचारता नवे मिळते. गॉगल मात्र टिकाऊ वस्तूंत मोडतो. वर्षाला एक, हरवला तर पगारातून कापून. गादीला स्वतःचा कोड नंबर देऊन ती व्हील, हातमोजे आणि कापसाच्या चिंध्या यांच्या कप्प्यात ठेवली, तर फेटलिंगवाल्याला ती सही करून सोमवारी सकाळी मिळेल, आणि महिन्याला किती उठल्या ते स्टोअरच्या वहीत आपोआप दिसेल.