वजन पडण्याआधीची हवा

जुनी एस-क्लास किंवा रेंज रोव्हर स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याला एक दृश्य कधी ना कधी दिसतंच: रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली. मेकॅनिक वाकून बघतो आणि सांगतो, चाकावरचा हवेचा स्ट्रट गेला. नवा स्ट्रट येतो, बसतो, आणि कधीकधी थोड्याच दिवसांत तोही गळायला लागतो. मग शिव्या खातो स्ट्रट विकणारा. माझ्या मते अशा वेळी मालाच्या आधी तो बसवण्याची पद्धत तपासावी.

हवेवर गाडी तोलण्याची हौस जुनी आहे. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहॅमला चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा होत्या. त्या इतक्या गळत की अनेक मालकांनी काढून साध्या स्प्रिंगा घातल्या. मर्सिडीजने 1998 मध्ये नव्या एस-क्लासबरोबर एअरमॅटिक हे हवेचं सस्पेन्शन आणलं आणि आलिशान गाड्यांत हा प्रकार रुळला. आपल्याकडे बसगाड्यांमुळे तो आधीच ओळखीचा. शिवनेरीत बसून मुंबई-पुणे केलेला माणूस हवेवरूनच गेलेला असतो. बसखालच्या त्या रबरी फुग्यांना बलून म्हणतात.

मोटारीतला स्ट्रट मात्र नुसता बलून नाही. मधोमध शॉक ॲब्सॉर्बर, त्याभोवती दोऱ्यांचं जाळं घातलेली पातळ रबरी नळी, दोन्ही टोकांना धातूच्या कड्यांनी आवळलेली. नळीचा खालचा भाग उलटा दुमडून खालच्या नळकांड्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, अंगावर बसतो, आणि चाक वरखाली होतं तशी ही घडी पिस्टनवरून लोळते. भार रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. इथे त्याच्या कितीतरी पट. हवा नसेल तर ती नळी म्हणजे रिकामा पायमोजा, आणि अशा पायमोज्यावर गाडीचं वजन टाकलं की घडी हवी तिथे न पडता वेडीवाकडी पडते. धातूत चिमटलेलं रबर लगेच फाटतंच असं नाही, पण जिथे दुमडलं तिथून चिरायला सुरुवात होते.

म्हणून खरं काम गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबत असतानाच उरकायचं. खोक्यातून स्ट्रट काढला की आधी घडी डोळ्यांनी पाहावी. ती सगळीकडून सारखी हवी, नळीला पीळ नको. पीळ पडला तर आतल्या दोऱ्यांवर तिरपा ताण येतो. वरचे नट आवळताना खालची बाजू फिरत नाही ना, इकडेही लक्ष हवं. काही स्ट्रट कारखान्यातूनच थोडी हवा भरून येतात. ती झडपेत अडवलेली असते. झडप सैल केली तर ती हवा फुस्सकन जाते, म्हणून तिला हात लावू नये. तोंडावरचं प्लॅस्टिकचं बूचही हवेची नळी जोडण्याच्या क्षणापर्यंत राहू द्यावं, नाहीतर धूळ आत जाते.

स्ट्रट टेबलावर फुगवून पाहायचा असेल तर रेग्युलेटर लावून, कमी दाबाने, हळूहळू. शॉक ॲब्सॉर्बर आत असल्याने त्याची लांबी ठरावीक हद्दीपुढे वाढत नाही. बसच्या सुट्या बलूनला मात्र असा आतला लगाम नसतो. तो मोकळा फुगवणं जिवावर बेतू शकतं, आणि टायरवाल्याच्या कंप्रेसरने 'जरा बघू' म्हणणाऱ्याला मी तिथेच थांबवेन.

स्ट्रट गाडीत बसला, हवेची नळी नव्या ओ-रिंगसह जोडली, की स्कॅनरने हुकूम देऊन किंवा गाडीचाच कंप्रेसर चालवून हवा भरायची. घडी गोल आणि टणक झाली हे बोट लावून कळतं. सांध्यावर साबणाचं पाणी सोडायचं; एकही बुडबुडा चालत नाही. त्यानंतरच गाडी खाली, तीही टप्प्याटप्प्याने. घाईचं गॅरेज नेमकं इथे चुकतं: बोल्ट आवळले, चाक लावलं, लिफ्ट खाली, हवा नंतर भरू. रबरी बुश असलेले खालचे बोल्ट मात्र शेवटी, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर आल्यावरच आवळायचे. लोंबत्या चाकावर आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो.

उंचीचं कॅलिब्रेशन झालं की बिल फाडायची घाई होते. पण गळका स्ट्रट बरेच दिवस चालवला असेल तर त्याची भरपाई करता करता कंप्रेसर दमलेला असतो, आणि त्याला चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटायच्या बेतात असतात. रिले चिकटला की कंप्रेसर थांबतच नाही, जळतो. स्ट्रटच्या तुलनेत रिले अगदीच स्वस्त; तो त्याच खेपेला बदलून घ्यावा, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा टेप लावली की गळती आहे की नाही ते कळतं.